कांदा, गोधडी आणि जर्मन हिवाळा

मंडळी, मी निफाड तालुक्यातली. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की वर्तमानपत्रात पहिलं नाव बहुधा आमचंच असतं. पारा दोन-तीन अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि पहाटे पाणी सोडायला निघालेली माणसं मफलरमधून फक्त डोळे दाखवत जातात. त्यामुळे म्युनिकला नोकरी लागली आणि जो तो "थंडी फार हो तिथे" असं सांगू लागला, तेव्हा मी मनातल्या मनात हसायचे. थंडी आम्हाला कोणी सांगावी!

एवढंच लक्षात आलं नव्हतं की निफाडची थंडी दहा वाजता ऊन वर आलं की उठून निघून जाते. इथली नोव्हेंबरात येते ती मार्चपर्यंत मुक्काम ठोकते, आणि ऊन आलं तरी ते फक्त बघायचं असतं.

पहिल्या वर्षी मी तेच केलं जे आपल्यातले बहुतेक जण करतात. पगार झाल्याबरोबर दुकानातलं सगळ्यांत जाड जॅकेट घेतलं, २८० युरोंचं. आत मात्र पुण्याहून आणलेला सुती टॉप आणि जीन्स. गाडीत घाम यायचा, रस्त्यावर हुडहुडी भरायची. आपलं शरीरच कमजोर, असं समजून मी दोन हिवाळे तसेच काढले. खरा धडा मिळाला तो बाबा आले तेव्हा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना. बाबांचं वय एकाहत्तर, एक स्टेंट घातलेला. आयुष्यभर लासलगावच्या बाजारात कांदा विकलेला माणूस. "बर्फ बघायचाय" एवढीच त्यांची मागणी होती. आम्ही त्यांच्यासाठी गुडघ्यापर्यंत येणारं जाडजूड जॅकेट आणून ठेवलं होतं. एका रविवारी संध्याकाळी ओळखीच्या कुटुंबाकडून परतताना बस गाठायला आम्ही भराभर चाललो, बाबाही आमच्याबरोबर. बस डोळ्यांदेखत गेली. पुढची चाळीस मिनिटांनी. तापमान उणे सहा, वर वारा. सुरुवातीला बाबा गप्पा मारत होते, मग गप्प झाले. मला वाटलं दमले असतील. बसमध्ये बसल्यावर त्यांना जॅकेटची चेन उघडता येईना, बोटं वळतच नव्हती. आणि स्टॉपवरून घराकडे येणाऱ्या चढावर थांबून म्हणाले, "छातीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतंय गं." आम्ही ११२ ला फोन केला.

हार्ट अटॅक नव्हता. अंजायना होता. थंडीत शरीर आतली ऊब राखण्यासाठी कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, आणि आधीच अरुंद झालेल्या वाहिन्यांना ते झेपत नाही. त्यात चढ. एक रात्र देखरेखीखाली ठेवलं. तपासणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. खुर्चीवरच्या जॅकेटकडे बघून मला म्हणाल्या, "जॅकेट छान आहे. आणि आत?"

आत सुती बनियन, सुती शर्ट, सुती पँट. बनियन अजून ओलसर होता. बस गाठायला चालताना त्या जाड जॅकेटात बाबांना घाम फुटला होता, आणि त्या ओल्या बनियनवर ते चाळीस मिनिटं उभे होते.

"त्स्वीबल," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्स्वीबल म्हणजे कांदा. एकावर एक पातळ थर चढवायच्या पद्धतीला जर्मन लोक कांद्याचं तत्त्व म्हणतात. मी बाबांना सांगितलं, कांद्यासारखे कपडे घाला असं म्हणतायत. नाकात ऑक्सिजनची नळी असलेले बाबा छताकडे बघत म्हणाले, "चाळीस वर्षं कांदा विकला, आता हिच्याकडून शिकायचा!" तेव्हा आम्हाला जरा हायसं वाटलं.

त्या रात्री मी बाबांच्या प्रवास विम्याचे कागद पहिल्यांदा नीट वाचले. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो, तो आम्ही काढलाच होता. पण आधीपासूनचा आजार त्यातून वगळलेला होता, आणि स्टेंट म्हणजे आधीपासूनचा आजार. बिल आम्ही भरलं, चार आकडी. आई-वडिलांना हिवाळ्यात बोलावणार असाल तर तिकीट काढण्याआधी ते एक कलम वाचा. जुन्या आजारामुळे अचानक उद्भवलेल्या दुखण्याला संरक्षण देणाऱ्या पॉलिसीही मिळतात. हप्ता जास्त पडतो, एवढंच.

आता कांद्याकडे. मी सॉफ्टवेअरवाली असले तरी पहिल्या वर्षाला थर्मोडायनॅमिक्स सगळ्यांनाच असतं. कपडा ऊब देत नाही. ऊब शरीर तयार करतं. कपड्यानं ती धरून ठेवायची. आणि धरून ठेवायचं काम कापडापेक्षा त्यात अडकलेली स्थिर हवा जास्त करते. आपल्या आज्यांना हे पक्कं माहीत होतं. गोधडी म्हणजे काय? जुन्या लुगड्यांचे पातळ थर एकावर एक घालून मारलेले टाके. एकेक लुगडं घेतलं तर त्यात काही दम नाही, पण थरांमध्ये हवा कोंडली की पौषातली रात्र निघते. तेवढ्याच वजनाची एक जाड सतरंजी पांघरून बघा, फरक कळेल.

या हवेचे दोन शत्रू, ओल आणि वारा. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. सुती कापड घाम पिऊन बसतं आणि लवकर वाळत नाही, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात जो गुण तोच इथे दोष. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. पॉलिएस्टरचं थर्मल ओलावा पीत नाही, तो बाहेरच्या थराकडे ढकलतं आणि झटपट वाळतं.

वाऱ्याचा हिशेब अमेरिका आणि कॅनडानं २००१ साली ठरवलेल्या सूत्रावरून करता येतो. उणे पाच तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे तेरासारखं वाटतं. सायकलवाल्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. पारा शून्यावर आणि वारा अजिबात नसला, तरी ताशी वीसनं सायकल हाणली की तुम्ही स्वतःच वारा तयार करता आणि चेहऱ्याला उणे पाच लागतं.

म्हणून थर तीन. अंगालगतचा घाम हटवायला, मधला हवा धरायला, बाहेरचा वारा-पाऊस अडवायला. आपण पैसे खर्च करतो ते नेमके उलट्या क्रमानं: बाहेरच्या जॅकेटला २८० युरो, आत शून्य. मी आता आतून बाहेर खर्च करते. अंगालगत पूर्ण बाह्यांचं थर्मल आणि पायात थर्मलची पँट, हा पहिला खर्च. शरद ऋतूत इथल्या स्वस्त किराणा साखळ्यांच्या पत्रकांत स्कीचे आतले कपडे येतात, त्यातला जोड साधारण वीस-पंचवीस युरोंत बसतो. मेरिनो लोकरीचा एकच तुकडा पन्नास-साठ युरोंच्या पुढे जातो. पण त्याला वास धरत नाही, दोन-तीन दिवस घालून नुसता वाऱ्यावर टाकला तरी चालतो. मेरिनो टोचत नाही, कारण तिचा धागा फार बारीक असतो. लोकर म्हटलं की आपल्याला धनगरांची घोंगडी आठवते आणि अंग खाजायला लागतं, पण ती दख्खनी मेंढीची राठ लोकर. पावसात डोक्यावरून घ्यायला तिला तोड नाही, बनियन म्हणून मात्र नको.

लोकर अंगालगतच हवी, हा हट्ट मुळात एका जर्मनाचा. श्टुटगार्टचे प्राणिशास्त्रज्ञ गुस्टाव्ह येगर यांनी १८८० च्या सुमारास सुती-तागाचे कपडे टाकून अंगभर लोकर घालण्याचा प्रचार सुरू केला. त्यांच्या नावानं १८८४ मध्ये लंडनला दुकान निघालं, आणि नाटककार बर्नार्ड शॉ त्यांचे लोकरी सूट घालून हिंडायचे. येगरसाहेबांचं असंही मत होतं की माणसाचा आत्मा त्याच्या वासात असतो. तेव्हा त्यांचं सगळंच ऐकू नये, पण बनियनबद्दल ते बरोबर होते.

मधल्या थराला फ्लीस किंवा साधा लोकरी स्वेटर पुरतो. आईनं विणलेला असेल तर उत्तम. विणीच्या भोकांत हवा भरपूर मावते, फक्त वर वारा अडवणारं काहीतरी हवं. बाहेरच्या जॅकेटबद्दल एवढंच सांगते की ते आतल्या दोन थरांवर सैल बसलं पाहिजे. आवळ बसलं तर हवाच पिळून निघते. दुकानात घालून बघताना स्वेटर घालून जा. आणि निघताना थोडी थंडी वाजली तर वाजू द्या. पाच मिनिटं चाललात की अंग तापतं. घरातूनच गरम होऊन निघालात तर तिसऱ्या मिनिटाला घाम, पुढचं बाबांनी भोगलं आहे. गाडीत चढल्याबरोबर चेन उघडायची, हा नियम आमच्या घरी धाकटीलाही पाठ आहे.

पायांकडे आपण लक्षच देत नाही. वर तीन कपडे आणि खाली एक जीन्स, हे आपलं ठरलेलं. अर्धं अंग तर खाली आहे! बुटांत दोन जाड मोजे कोंबले की पाय आणखी गार पडतात, कारण रक्त अडतं आणि हवेला जागा उरत नाही. एकच लोकरी मोजा आणि अर्धा नंबर मोठा, जाड तळाचा बूट बरा. स्टॉपवर उभं असताना थंडी जमिनीतून वर चढते. हातांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र ठेवणारे मोजे जास्त ऊब देतात. डोक्यातून निम्मी उष्णता जाते असं मीही सगळ्यांना सांगायचे. ते खरं नाही. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांनी ही समजूत खोडून काढली. डोकं शरीराच्या जेवढा भाग आहे, साधारण तेवढीच उष्णता त्यातून जाते. तरी टोपी घालाच, कान दोनच आहेत. आणि ख्रिसमसच्या बाजारातली ग्लूवाइन? तिनं कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, पण तीच उष्णता बाहेर निघून जाते. प्यावी, पण थर्मलच्या जागी नव्हे.

आता भगिनीवर्गाचा जिव्हाळ्याचा प्रश्न: संक्रांतीचं हळदीकुंकू. १४ जानेवारीला म्युनिकमध्ये पावणेपाचला सूर्य मावळतो आणि आपल्याला चंद्रकळा नेसून हॉलपर्यंत जायचं असतं. नेसलेल्या साडीतून वारा कसा आत शिरतो हे पुरुषांना कळणार नाही. आनंदीबाई जोशींना कळलं होतं. १८८३ मध्ये त्या वैद्यकी शिकायला अमेरिकेत गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी तिथे गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. कपड्यातला एवढा बदलसुद्धा त्या काळी घरी पत्रानं समजावून सांगावा लागे. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयानं गेल्या. क्षय थंडीनं होत नाही हे आपल्याला माहीत आहे; पण आजारी शरीराला तिथला हिवाळा सोसला नाही हेही खरं.

आपल्याला पत्र लिहून परवानगी मागायची नाही, तेव्हा माझी युक्ती सांगते. चंद्रकळा काळी असते. ब्लाऊजच्या जागी काळं, पूर्ण बाह्यांचं, गळाबंद थर्मल घालायचं. वर ठुशी घातली की ते मुद्दाम शिवून घेतल्यासारखं दिसतं. गेल्या संक्रांतीला दोघींनी मला टेलरचा पत्ता विचारला! परकराखाली थर्मलची पँट, पायात लोकरी मोजे आणि बूट, चपला पिशवीत. हॉलच्या दारात बूट काढले की कुणाला कळतंय?

इरावती कर्वे याच देशात, बर्लिनमध्ये, डॉक्टरेट करत होत्या तो काळ १९२८ ते १९३०. फेब्रुवारी १९२९ मधली थंडी इथल्या नोंदींत प्रसिद्ध आहे. १२ तारखेला बव्हेरियातल्या ह्युल गावात उणे ३७.८ अंश तापमान नोंदलं गेलं, जर्मनीच्या अधिकृत नोंदींतलं नीचांकी. तेव्हा फ्लीस नव्हतं, पॉलिएस्टर नव्हतं, घराघरात रेडिएटरही नव्हते. "आज उणे तीन आहे, मंडळाच्या कार्यक्रमाला येत नाही" असा निरोप आला की मला बाई आठवतात.

मुलांबद्दल थोडक्यात. तान्ह्या बाळाला थंडी वाजते की नाही ते हात-पाय लावून बघू नका, ते गारच असतात. मानेच्या मागे बोटं घाला. मान उबदार आणि कोरडी असली तर ठीक, घामेजलेली असली तर एक थर काढा. मोटारीच्या चाइल्ड सीटमध्ये जाड जॅकेट घालून मुलाला कधीही बांधू नका. जॅकेट दबतं, पट्टा सैल राहतो आणि धडक बसली तर मूल पट्ट्यातून निसटू शकतं. एडीएसी ही मोटारवाल्यांची संघटनाही हेच सांगते. जॅकेट काढून पट्टा आवळायचा आणि वरून पांघरूण घालायचं. लहानांना मफलरही नको, घसरगुंडीवर अडकतो. गळ्यातून चढवायची लोकरी पट्टी मिळते ती घ्या. किटामध्ये उणे पाचातही मुलांना बाहेर खेळायला नेतात. माझ्या आईनं व्हिडिओवर ते बघून मला निर्दय ठरवलं होतं, पण आत लोकर आणि वर बर्फाची पँट असली की मुलं आत यायला तयार नसतात.

आता घरातली थंडी, कारण तिचं बिल येतं. २०२२ मध्ये गॅसची टंचाई झाली तेव्हा सप्टेंबरपासून सरकारी कचेऱ्यांत १९ अंशांच्या वर तापवायला बंदी होती. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी थर्मल पहिल्यांदा घेतलं ते त्या वर्षी, तेही घरात घालायला. खोलीचं तापमान एक अंशानं उतरवलं की तापवण्याचा सुमारे सहा टक्के खर्च वाचतो. सामायिक हीटिंगच्या इमारतीत खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग ज्याच्या-त्याच्या वापरानुसार वाटायचा, असा नियम आहे, म्हणजे वाचवलेलं बरंचसं खरोखर तुमच्याच खिशात राहतं. त्यात गॅसवरचा कार्बन कर २०२१ मध्ये टनाला २५ युरो होता, तो २०२५ मध्ये ५५ झाला. २०२३ पासून त्याचा काही भाग घरमालकानं उचलायचा असतो; वार्षिक हिशेबात तो दाखवला आहे का ते बघा.

पण काटकसरीच्या भरात खोल्या गार टाकू नका. आपण फोडण्या देतो, कुकर लावतो, कपडे घरात वाळवतो. ती सगळी वाफ गार भिंतीवर जाऊन बसते आणि कपाटामागे बुरशी धरते. मग घरमालकाशी भांडण आणि रंगाचा खर्च. खिडकी दिवसभर तिरकी ठेवण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडा. आणि घरात म्हातारी माणसं किंवा बाळ असेल तर एकोणिसाचा हट्ट सोडा. म्हाताऱ्यांना थंडी उशिरा कळते आणि कळली तरी ती बोलत नाहीत, बाबांसारखी. आम्ही बाबा असताना एकवीस ठेवतो आणि बिल बघत नाही.

खरेदीचं एक-दोन. पूर्वी हिवाळ्याचा सेल जानेवारीच्या शेवटी कायद्यानं ठरलेला असे. २००४ मध्ये तो कायदा गेला, पण त्या सुमारास भाव अजूनही उतरतात. बाहेरचं जॅकेट तेव्हा घ्यावं, आतले कपडे मात्र थंडी पडायच्या आधी. इंटरनेटवर घेतलेला कपडा चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क तुम्हाला आहे. दुकानात जाऊन घेतलेला परत घेणं ही दुकानदाराची मर्जी. मुलांचे कपडे किटाच्या बाजारात जुने घ्या, एका हिवाळ्यात ते विटत नाहीत. आणि हो, ऑफिसला जायला लागतं म्हणून जॅकेट टॅक्समध्ये दाखवता येईल का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. येत नाही. २०२२ मध्ये इथल्या सर्वोच्च कर-न्यायालयानं अंत्यविधीला भाषणं करणाऱ्यांचे काळे सूटसुद्धा वजावटीला नाकारले. आपल्या जॅकेटला कोण विचारतो!

बाबा गेल्या डिसेंबरात पुन्हा आले. इथल्या आणि तिथल्या डॉक्टरांना विचारून, वेगळी पॉलिसी काढून. यावेळी बॅगेत आईनं दिलेली गोधडी होती, आणि विमानतळावर मी त्यांच्या हातात पहिली दिली ती थर्मलची पँट. ती घालून ते स्वच्छतागृहातून बाहेर आले आणि म्हणाले, "एक पापुद्रा झाला. पुढचे दे."

जाता जाता: आमच्याकडे ९८ मापाची बर्फाची पँट आणि लोकरी आतल्या कपड्यांचे दोन जोड आहेत, धाकटी आता त्यांत मावत नाही. कुणाकडे ११६ ची पँट रिकामी झाली असेल तर संक्रांतीच्या कार्यक्रमाला घेऊन यावी, तिथेच अदलाबदल करू.